गायरानात गाडी नाही

मंदाअक्का आमच्या पक्षीमित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आल्या आणि पहिल्याच आठवड्यात भांडल्या. कोणीतरी लिहिलं होतं, 'मेहरूण तलावावर सुंदर बदकं.' अक्कांनी विचारलं, 'सुंदर म्हणजे कोणती? नाव लिहा, नाहीतर माहीत नाही असं लिहा.' मी धुळ्यात माझ्या दुकानात बसून ते वाचलं आणि एकटाच हसलो.

अक्का मूळच्या फैजपूरच्या, केळीवाल्या घरातल्या. नोकरी मात्र सगळी धुळे जिल्ह्यातल्या एका आडगावी, नर्स म्हणून. निवृत्तीनंतर जळगावला पिंप्राळ्यात मुलाकडे, ललितकडे राहायला आल्या. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून तलावावर जाऊ लागल्या, आणि तिथे थंडीत उतरणाऱ्या बदकांनी त्यांना धरून ठेवलं. दुर्बीण घेतली, पुस्तकं आणली, स्कूटीवरून पार हतनूर धरणापर्यंत जाऊ लागल्या.

ललितला ते आवडेना. "आई, या वयात गळ्यात दुर्बीण अडकवून फिरतेस. लोक काय म्हणतील?"

"तुझे वडील साठीनंतर रोज पत्ते कुटत बसायचे. तेव्हा लोक काही म्हणाले नाहीत. आता म्हणू देत."

हिवाळा लागला की आमचा ग्रुप गजबजतो. कुठे पट्टकदंब आले, कुठे चक्रवाक दिसले, सगळं फोटोसकट पडतं. ग्रुप चालवतात योगराज. जळगावात त्यांचा फ्लेक्स छापण्याचा मोठा धंदा, आणि कॅमेऱ्याची लेन्स अशी की उचलायला माणूस लागावा. मनाने वाईट नाहीत, पण फोटोपुढे त्यांना काही सुचत नाही. मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात एका माळावर घुबडांची जोडी आल्याची बातमी ग्रुपवर पडली, जागेच्या नकाशासकट. दोन रविवार गाड्यांनी त्या जोडीला गवतातून नुसतं पळवलं. तिसऱ्या रविवारी माळ रिकामा होता. त्यावर ग्रुपमध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. अक्कांनी काढला, तर योगराजांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गेल्या हिवाळ्यात अक्का आपल्या नोकरीच्या गावी गेल्या. बेबाबाई नावाची त्यांची जुनी मैत्रीण तिथे शेळ्या राखते. ती म्हणाली, "नर्सबाई, सांजले गायरानमा या. पाखरे उतरतंस, देखा तरी."

अक्का गेल्या. सूर्य टेकडीआड गेला आणि उंच गवतावरून भोवत्या पक्षी येऊ लागले. हे लांब पंखांचे शिकारी पक्षी थंडीत फार दुरून येतात, दिवसभर शेतांवर टोळ आणि नाकतोडे टिपत फिरतात, आणि संध्याकाळी एकाच माळावर जमून गवतात जमिनीवरच झोपतात. राखेच्या रंगाचे नर, तपकिरी माद्या. गवताला पोट घासेल इतके खाली येत आणि एकेक करून दिसेनासे होत. अक्का मोजायला लागल्या नि मोजणी चुकली. रात्रीच त्यांनी मला फोन करून सगळं सांगितलं.

ग्रुपवर त्यांनी एक फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'भोवत्यांची मोठी वस्ती. जागा सांगणार नाही.'

गदारोळ झाला. योगराजांचा फोन आला. "अक्का, ग्रुप कशासाठी आहे? दिसलं ते एकमेकांना सांगायचं."

"दिसलं ते सांगितलं की."

"आणि जागा?"

"घुबडांची जागा सांगितली होती ना? कुठे आहेत ती घुबडं?"

त्याच संध्याकाळी अक्कांना ग्रुपमधून काढण्यात आलं. त्यांनी मला विचारलं, "काढलं म्हणजे आता पक्षी मला दिसायचे बंद होणार का?"

पण फोटोत मागे पवनचक्क्या दिसत होत्या. धुळ्याकडच्या माणसाला तेवढी खूण पुरे. ग्रुपवर रविवारी तिथे जायचं ठरलं. ते वाचल्याबरोबर मी अक्कांना फोन केला आणि रविवारी स्वतःही गेलो.

दोन जीपगाड्या गायरानाच्या तोंडाशी पोचल्या, तर गाडवाटेवर मधोमध अक्का मांडी घालून बसलेल्या. शेजारी बेबाबाई, आणखी चार-पाच बायका, आजूबाजूला शेळ्या.

योगराज उतरले. "अक्का, हे काय चालवलंय? सरकारी जागा आहे. तुम्ही कोण अडवणार?"

"मी कुठे अडवतेय? मी बसलेय. घाला गाडी अंगावरून."

बेबाबाई उभी राहिली. "आमनं गायरान शे हाई. गाडी आठेच ठेवा. आत नेशात ते पाखरे बठ्ठा उडी जातीन."

"लांबून फोटो येत नाही हो," योगराज कळवळून म्हणाले.

"मग नका काढू," अक्का म्हणाल्या. "बघायचं असेल तर खाली बसा. इथून दिसतात."

गाडीतली दोन माणसं उतरली आणि खरंच येऊन बसली. योगराज उभेच होते. त्यांच्याबरोबरच्या एकाने मोबाईलवर सगळं टिपलं. उजेड कमी झाला तसे योगराज गाडीत बसले आणि धूळ उडवत निघून गेले. त्यानंतर पक्षी आले.

तो व्हिडिओ दुसऱ्या दिवशी जळगावभर फिरला, 'म्हातारीची दादागिरी' अशा नावाने. ललितच्या धंद्याचं छपाईचं सगळं काम योगराजांकडे, तेही उधारीवर. तो चिडला. "आई, एक फोन कर. चुकलं म्हण, संपेल विषय."

"चुकलं असतं तर म्हटलं असतं. आणि दादागिरी नाही म्हणायचं, अक्कागिरी म्हण."

सून मोहिनी हसली, आणि ललितने जेवण अर्धं टाकलं. पुढचे कित्येक दिवस मायलेकांचं बोलणं कामापुरतंच होतं. अक्कांना ते लागलं, पण फोन त्यांनी केला नाही.

जानेवारीत गावाच्या ग्रामसभेत त्या उभ्या राहिल्या. गायरानात गाड्या नकोत, एवढीच मागणी. सरपंच रुपचंद तरणाबांड. म्हणाला, "फोटोवाले आले तर गावाचं नाव होईल. आणि नर्सबाई, तुम्ही या गावच्या नाहीत."

"रुपचंद, तुझी नाळ मी कापलीय. या गावची नाही तर कुठली रे?"

सभा हसली. रुपचंदही हसला, पण ठराव काही त्याने मांडला नाही. तेव्हा बेबाबाईने हात वर केला, तिच्यामागे शेळ्यावाल्या बायकांनी. गाड्यांनी गवत चिरडलं तर शेळ्यांनी खायचं काय, हा त्यांचा सवाल होता, आणि मग पुरुषांचेही हात वर झाले. ठराव झाला. गाडवाटेवर आडवा चर खणला गेला.

या हिवाळ्यात भोवत्या आले आहेत. गेल्या वर्षीपेक्षा थोडे कमी, असं अक्का म्हणतात. का ते त्यांनाही माहीत नाही. ग्रुपवर त्यांना अजून घेतलेलं नाही. मीही बाहेर पडलोय. मागच्या रविवारी मोहिनीने स्वतः गाडी चालवत सासूला गावात आणलं. गाडी चावडीपाशी ठेवून दोघी चालत गायरानाकडे निघाल्या. अक्का पुढे होत्या आणि मोहिनीला भरभर चालायला सांगत होत्या.