पक्की झालेली तीट

आमच्या घरी त्या दिवशी एका बाळाला व्हार्निश लावायचं होतं.

बाळ मऊ प्लास्टिकचं होतं, तेव्हा पोलिसांत जायचं कारण नाही. माझी बायको मृणाल हुबेहूब जिवंत वाटणाऱ्या बाहुल्या रंगवते. पापणीवरच्या निळसर शिरा, नखांच्या कडा, गालांवरची लाली, सगळं हातानं. शेवटी मॅट व्हार्निशचा एक हात. त्यानं रंग पक्का होतो आणि चकाकी मरते. (आमच्या कात्रजच्या फ्लॅटमध्ये चकाकणारं तसंही माझ्या टकलाखेरीज काही नाही.)

हे बाळ खडकीच्या माईंसाठी होतं. माई ऐंशीच्या पुढच्या, सगळं विसरत चाललेल्या. त्यांचं पहिलं बाळ जेमतेम महिन्याचं होऊन गेलं होतं, आणि आता त्या नेमकं तेवढंच शोधत होत्या. कुठंय, कुणी नेलं, दिवसभर तेच. त्यांच्या मुलीनं, उषाताईंनी, दुकानातली बाहुली आणून दिली, तर "हे चकाकतंय. माझं बाळ द्या," म्हणून माई खूप रडल्या. तेव्हापासून मृणाल या एका चेहऱ्यावर मान मोडून बसली होती. आम्ही दोघं त्याच्यापुढे हळू आवाजात बोलायचो. हसू नका, तुम्हीही बोलला असतात!

नेमकं शेवटच्या हाताच्या दिवशी तिला वाघोलीला बहिणीकडे जावं लागलं. आणि उषाताई संध्याकाळी यायच्या होत्या.

"अहो, स्पंजनं टिपायचं. फासायचं नाही. भिंत नाहीये ती."

"कळतं मला."

"म्हणूनच सांगतेय."

मी हात धुऊन बाळापाशी बसलो. बघतो तर डाव्या गालावर ठसठशीत काळी तीट! मला बायकोचा अभिमान वाटला. शिरासुद्धा रंगवणारी बाई तीट कशी विसरेल? मी ती जिवापाड जपली, आणि पुसट व्हायला नको म्हणून तेवढ्या जागी व्हार्निशचा जास्तीचा हात दिला.

दुपारी मृणाल परतली. तिनं बाळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय?"

"तीट. तूच काढलीस ना?"

आतून माझी आई शांतपणे म्हणाली, "मी लावली सकाळी. इतकं गोजिरं पोर, गॅलरीतून सगळी सोसायटी बघते. दृष्ट नाही का लागणार?"

"अहो आई, बाहुली आहे ती!"

"मग तुम्ही दोघं तिच्यापुढे कुजबुजता कशाला?"

मृणालनं ओला कापूस फिरवून पाहिला. तीट ढिम्म! आणखी जोर लावला असता तर गालाची लालीही गेली असती. ती तिथंच बसून रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

संध्याकाळी उषाताई आल्या त्या माईंनाच घेऊन. माईंना घरी एकटं ठेवता येत नव्हतं. मृणाल काही सांगणार, तोच माईंनी हात पुढे केले. बाळाच्या मानेखाली तळवा धरून त्यांनी ते अलगद उचललं. गाल निरखला. पदराचं टोक जिभेवर ओलं करून तीट पुसायला लागल्या. तीट हलेना.

"एवढी मोठी कुणी लावली? तीट आहे का डांबर?"

आई हळूच माझ्यामागे सरकली.

"असू दे," माई म्हणाल्या. "कुणीतरी काळजीनं लावलीय."

त्यांनी बाळाला खांद्याशी धरलं आणि थोपटत थोपटत डोलायला लागल्या. 'कुठंय' हा शब्द त्यानंतर त्यांच्या तोंडून आला नाही. उषाताई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मलाही रडू आवरेना.

माझ्या हुंदक्यानं माईंचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळलं आणि माझ्या आईला म्हणाल्या, "दृष्टीचीच भीती होती, तर तीट कशाला लावायची? यांना शेजारी उभं करायचं."

"सुचलंच नाही हो," आई म्हणाली.