आप्पासाहेबांची सहावी जागा

‘कंट्रोलर कट्टा’ या आमच्या ऑनलाइन ग्रुपवर पुण्यातले काही हजार गेमर आहेत आणि त्यांतले निम्मे स्वतःला कायदेपंडित समजतात. मी या ग्रुपची मॉडरेटर. म्हणजे पगार नाही, आभार नाहीत, शिव्या मात्र नियमित. नाव तनुजा, राहणार कर्वेनगर. दिवसा एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासते आणि उरलेल्या वेळात माणसं. मी कुणाची समजूत काढत नाही, नियम सांगते. ज्यांना समजूत काढून हवी असेल त्यांनी आपापल्या आईकडे जावं, असं मी ग्रुपच्या माहितीतच लिहून ठेवलं आहे.

अशा ग्रुपवर आप्पासाहेब आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. सत्तरीच्या आसपासचा माणूस, फोटो फेट्यातला, आणि पहिलाच मेसेज: ‘या गेमातला ट्रॅक्टर चढाला दम का टाकतो कुणी सांगंल का.’ ते फोनला बोलून लिहितात, त्यामुळे त्यांच्या वाक्यांत स्वल्पविराम नसतो आणि श्वासही नसतो. बिबवेवाडी हे खरोखरचं गाव होतं तेव्हापासूनचं त्यांचं घराणं. जिथे त्यांची ज्वारी उभी राहायची तिथे आता त्यांचीच चार मजली इमारत उभी आहे. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये लॅपटॉप मोठ्या टीव्हीला जोडून आप्पासाहेब गेममधली शेती करतात. नांगरट, पेरणी, कापणी, सगळं रीतसर.

आणि करतात ते काय रुबाबात. ग्रुपवरच्या पोरांना बियाणं कधी टाकायचं, पाणी कधी सोडायचं याचे सल्ले देतात. त्यातले निम्मे सल्ले साफ चुकतात, कारण गेमला बिबवेवाडीची माती माहीत नाही. आप्पासाहेब चूक गेमची धरतात. एकदा त्यांनी गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीला मराठीतून खरमरीत तक्रार पाठवली की तुमच्या गावात चिखल कसा नाही. मला हा माणूस तेव्हाच आवडला, पण मॉडरेटरने असं बोलून दाखवायचं नसतं.

यंदा, आम्ही सगळे ज्या ऑनलाइन दुकानातून गेम घेतो त्याने एक नवी सोय काढली. सहा जणांचं एक ‘कुटुंब’ करायचं, मग एकाने घेतलेला गेम बाकीच्यांनाही खेळता येणार. अट एवढीच की सगळे एका घरातले हवेत. ते घर दुकान कसं ओळखणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. झालं, ग्रुपवर रणकंदन माजलं. ‘सुसंस्कृत कुटुंबात एक जागा रिकामी, लढाईचे गेम असल्यास प्राधान्य.’ ‘होतकरू तरुणास कुटुंब हवे, स्वतःची गेमची मोठी लायब्ररी.’ वधूवर सूचक मंडळात तरी बरी भाषा असते. एकाला मी फक्त एवढंच लिहिलं, ‘पत्रिका जोडायची राहिली.’

दुसऱ्या बाजूला बाणेरचे रंगनाथ. ग्रुपवरचे सर्वांत लांब मेसेज यांचे. मित्रांना कुटुंबात घुसवणं ही सरळ फसवणूक आहे, अशाने दुकान सगळ्यांचीच सोय बंद करेल, आणि मॉडरेटर बाई झोपल्या आहेत का, असा त्यांचा एकूण सूर. मी झोपले नव्हते. मी लिहिलं, ‘घर म्हणजे घर. मित्रांचं टोळकं म्हणजे घर नव्हे.’ आणि चर्चा बंद केली.

सकाळी उठून पाहते तर आप्पासाहेबांनी नवी चर्चा उघडलेली. ‘ताई घर म्हंजी काय भिंती हायत का आमच्या जुन्या घरात पंचवीस माणसं हुती भिंती निम्म्या पडल्या हुत्या पर चूल एक हुती ज्यांची चूल एक त्यांचं घर एक आमच्यात असंच मोजत्यात.’

नुसतं लिहून थांबतील ते आप्पासाहेब कसले. ग्रुपवरची चार पोरं त्यांनी निवडली. नांदेडचा साईनाथ आणि त्याच्यासारखेच आणखी तिघं, सगळे खोली घेऊन राहणारे, मेसच्या पातळ वरणाला कंटाळलेले. त्यांना फर्मान निघालं: दर रविवारी दुपारी जेवायला माझ्याकडे. एका चुलीवरचं खाल्लं की तुम्ही माझ्या घरचे. पोरं गेली, जेवली, तिथेच बसून त्यांनी कुटुंबाचं आमंत्रण स्वीकारलं आणि दुकानाने चौघांनाही मुकाट्याने घेतलं. ग्रुपवर आप्पासाहेबांचा जयजयकार झाला. रंगनाथांनी निषेधाचा तीन पडदे लांब मेसेज टाकला.

आता आप्पासाहेब आणि ही चार पोरं मिळून पाच झाले. सहावी जागा रिकामी राहिली आणि तिच्यावर सगळ्यांचा डोळा. आप्पासाहेब गेम घेतात ते आंब्याची पेटी घ्यावी तसे, त्यामुळे त्यांच्या कुटुंबात जागा मिळणं म्हणजे चैनच. लोकांनी विनवण्या केल्या, टोमणे मारले, अडवणूक म्हणाले. आप्पासाहेबांचं उत्तर ठरलेलं: ‘त्या जागंचं आवतण धाडलंय ज्याला धाडलंय त्यानं घ्यावं दुसऱ्याला न्हाई मिळायची.’

कुणाला धाडलंय हे ग्रुपवर लवकरच सगळ्यांना कळलं, कारण ज्याला धाडलं होतं तोही ग्रुपवरच होता. इंद्रजीत, आप्पासाहेबांचा एकुलता एक मुलगा. चाळिशीचा, टायरचं दुकान चालवतो, गाड्यांच्या शर्यतीचे गेम खेळतो. राहतो त्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीमागे शेताचा शेवटचा तुकडा उरला होता. आप्पासाहेबांना तो पेरायचा होता. इंद्रजीत म्हणाला, चहूबाजूंनी इमारती, ऊन तरी कुठून येणार, गाड्या लावायला देऊ. त्याने तसं परस्पर ठरवूनही टाकलं. त्या दिवशी आप्पासाहेबांनी मुलाची चूल वेगळी केली, आणि तिसऱ्या मजल्यावर पाणीसुद्धा पिणार नाही असं जिन्यात उभं राहून सांगितलं. तेव्हापासून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते. समोरासमोर आले तर एकजण भिंतीकडे बघायचा.

ग्रुपवर मात्र बोलायचे, आणि तेही ‘आपण’ म्हणून. इंद्रजीतचा मेसेज मला अजून आठवतो: ‘आपण आवतण द्यायचं आणि माणूस आला की दारातून परत पाठवायचा, ही आपली जुनी स्टाइल आहे. कीप युवर फॅमिली, सर.’ त्यावर आप्पासाहेब: ‘आपण तर दाराशी आलाच न्हाई मग परत कुणाला पाठवलं खोटं बोलू नये.’ त्यावर इंद्रजीतने जे लिहिलं ते मी काढून टाकलं आणि दोघांनाही एक दिवस गप्प केलं. आम्हा सगळ्यांना वाटलं, भांडण जुनंच आहे, शेताच्या तुकड्याचं.

रंगनाथांनी मग लेखी मागणी केली की आप्पासाहेबांचं कुटुंब बनावट असून मॉडरेटरने चौकशी करावी. इतकी हौस आहे तर होऊन जाऊ दे, म्हणून मी जाहीर केलं की येत्या रविवारी प्रत्यक्ष जाऊन बघते. आप्पासाहेबांचा उलट मेसेज आला: ‘या मटण हाय.’

गेले. दार आप्पासाहेबांच्या पत्नीने, प्रेमलाताईंनी उघडलं. हॉलमध्ये चौघं पोरं ओळीने जेवायला बसलेली, टीव्हीवर ट्रॅक्टर उभा. आप्पासाहेबांच्या शेजारी एक ताट मांडलेलं होतं, कुणी न बसलेलं. मी तिथे बसायला गेले तर ते म्हणाले, “ते न्हाई ताई. तुमास्नी दुसरं वाढत्यात.” पोरं ताटात बघू लागली. हे ताट दर रविवारी मांडतात, असं साईनाथने मला हळूच सांगितलं. मी दुसऱ्या ताटावर बसले. चौकशी वगैरे मी तिथेच निकालात काढली. इतकं झणझणीत कुटुंब बनावट असूच शकत नाही.

जेवता जेवता पाहिलं, प्रेमलाताई रश्श्याचं झाकलेलं पातेलं घेऊन जिन्याकडे निघाल्या. चूल वेगळी झाल्याचं त्यांना कुणी सांगितलंच नसावं, अशा थाटात त्या दिवसातून कितीदा तरी वर-खाली करतात. मी हात धुतला आणि त्यांच्यामागे निघाले. आप्पासाहेबांनी भुवया उंचावल्या. “दोन्ही बाजू ऐकाव्या लागतात,” मी म्हटलं.

वर इंद्रजीतची बायको दीपाली होती, शाळेत शिकवते. तिने मला खुर्ची दिली. इंद्रजीत आतून आला आणि म्हणाला, “मॅडम, तुम्ही मला म्यूट केलं होतं.”

“पुन्हाही करीन. आमंत्रण का घेत नाही ते सांगा. त्या एका जागेपायी माझा ग्रुप पेटलाय.”

तो आत जाऊन लॅपटॉप घेऊन आला आणि माझ्यासमोर ठेवला. आमंत्रण आलेलं दिसत होतं. त्याने ‘स्वीकारा’वर बोट दाबलं. क्षणभर चक्र फिरलं आणि खाली लाल अक्षरं आली: ही व्यक्ती आपल्या घरातील नाही.

“पहिल्या दिवशीच दाबलं होतं,” इंद्रजीत म्हणाला. “खाली जाणार होतो, दीपालीला म्हटलं, चल, आप्पांनी बोलावलंय. आणि हे आलं. त्यानंतर किती वेळा दाबलं असेल. सगळा कंट्रोल आप्पांकडे आहे. चार परकी पोरं त्यांना चालतात. मला मात्र मुद्दाम बोलवायचं आणि हे वाचायला लावायचं.”

माझं पोटच सॉफ्टवेअर तपासण्यावर चालतं. मला ते बघताक्षणी कळलं. पोरांनी आमंत्रण घेतलं ते आप्पासाहेबांच्या हॉलमध्ये बसून, त्यांच्या इंटरनेटवर. दुकान चूल बघत नव्हतं, जोडणी बघत होतं. बोलावणारा आणि येणारा एका जोडणीवर असले की घर एक.

“तुमचं इंटरनेट वेगळं आहे?”

“सगळंच वेगळं आहे. मीटर, गॅस, पाण्याची टाकी. आप्पांनीच करायला लावलं. म्हणाले, खालची एक तारसुद्धा वर जाता कामा नये.”

मला दोघांचाही भयंकर राग आला. आणि खोटं कशाला बोलू, रडूही आलं. मी तशीच जिना उतरले.

खाली आप्पासाहेब पोरांना भाकरीचा आग्रह करत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, “आप्पासाहेब, इंद्रजीतनी पहिल्याच दिवशी हो म्हटलंय, खाली यायलाही निघाले होते. रोज म्हणतायत. दुकान त्यांना घेत नाही, कारण त्यांची तार वेगळी आहे.”

आप्पासाहेबांचा हात ताटातच राहिला. “पहिल्याच दिशी?”

“पहिल्याच दिवशी. त्यांना वाटतं, तुम्ही मुद्दाम अडवताय.”

“म्हंजी तार मी येगळी केली म्हणून.”

“हो,” मी म्हटलं.

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग विचारलं, “आता काय करावं लागंल?”

“दोघांचे लॅपटॉप एका जोडणीवर यायला हवेत. एक तर त्यांनी खाली यायचं, नाहीतर तुम्ही वर जायचं. तेवढंच.”

साईनाथ ताटावरून अर्धा उठला. “मी दादांना घेऊन येतो.”

“बस. जेव तू,” आप्पासाहेब म्हणाले. “बोलावलं तर तो येईल. आवतण धाडलं तवा बी निघाला हुता म्हनं. त्याचं येनं झालंय. आता माझं ऱ्हायलंय.”

त्यांनी हात धुतला, लॅपटॉपची टीव्हीतली तार उपसली, तो काखेत मारला आणि जिना चढू लागले. गुडघा दुखत होता तरी कठड्याला हात लावला नाही. मी मागे गेले, कारण असं काही बघायला मिळणार असेल तर मॉडरेटरही माणूसच असते.

दार उघडंच होतं. इंद्रजीत उभा राहिला. आप्पासाहेबांनी भिंतीकडे बघितलं नाही. सरळ आत जाऊन लॅपटॉप मुलाच्या लॅपटॉपशेजारी ठेवला आणि म्हणाले, “तुझ्या इंटरनेटवर घे मला.”

इंद्रजीतने पासवर्ड टाकला. त्याची बोटं दोनदा चुकली. आप्पासाहेबांनी नवं आमंत्रण पाठवलं, शेजारच्या पडद्यावर ते उमटलं, इंद्रजीतने दाबलं. चक्र फिरलं. या वेळी लाल काही आलं नाही. सहाव्या जागेवर त्याचं नाव आलं आणि आप्पासाहेबांनी ते बोटाखाली धरून मोठ्याने वाचलं.

मग दीपाली म्हणाली, “आप्पा, खाली पाहुणे जेवायचे थांबले असतील.”

“त्यांना जेवू दे,” आप्पासाहेब म्हणाले, आणि टेबलाशी खुर्ची ओढून बसले. “मी घरीच जेवतो. वाढ मला.”