डाव्या दाराचा पांढरा रंग

बेसमेंटमधला खांब पुढे सरकला, असं मी बायकोला सांगितलं. ती पंचेचाळीस वर्षं माझ्याशी संसार करते आहे, त्यामुळे नुसतं "हो का" म्हणाली आणि भाजीची पिशवी घेऊन लिफ्टकडे गेली. मी उतरून पाहिलं. गाडीच्या मागच्या डाव्या दारावर, हँडलच्या खाली, हातभर लांब ओरखडा. पांढरा रंग जाऊन आतला पत्रा दिसत होता.

एरवी मी घाबरणारा माणूस नाही. पण वर्षातला हा तिसरा ओरखडा होता, आणि दुसऱ्याच्या वेळी मुलाने मला सोफ्यावर समोर बसवून सांगितलं होतं, "बाबा, आता एक जरी स्क्रॅच आला ना, तर किल्ली माझ्याकडे. मग आर्ग्युमेंट नाही." दहावीला असताना मी त्याला अगदी असाच समोर बसवायचो. लेकाने नेमकं तेवढंच लक्षात ठेवलंय.

किल्ली जाणं म्हणजे काय, हे सर्जापूर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्यालाच कळेल. खाली उतरून चालावं म्हटलं तर फुटपाथवर ट्रान्सफॉर्मर उभा. दर गुरुवारी मी बायकोला आमच्या जुन्या कॉलनीत नेतो, पार यशवंतपूरच्या पलीकडे. ती तिथे भजनाला बसते आणि मी माझ्यासारख्याच चार रिटायर्ड लोकांबरोबर सरकारला नावं ठेवतो. किल्ली गेली की मोबाइलवर टॅक्सी मागवा, ओटीपी सांगा, ड्रायव्हरने कॅन्सल केली की पुन्हा मागवा, नाहीतर मुलाच्या सवडीची वाट बघत बसा. पंचाहत्तराव्या वर्षी मला हे नको होतं. गाडी माझी, बायको माझी, गुरुवारही माझाच राहायला हवा होता.

मुलगा कामासाठी बाहेरगावी गेला होता आणि आयुधपूजेच्या आदल्या रात्री परतणार होता. आपल्या खंडेनवमीला इथे कानडी मुलखात फार मोठं प्रस्थ. सगळे आपापल्या गाड्या धुऊन वर आवारात, भर उन्हात ओळीने लावतात, हार घालतात, चाकाखाली लिंबं ठेवतात. म्हणजे ओरखडा लपायची सोय नाही. माझ्या हातात आठ दिवस होते.

सून पुण्याची, व्हाइटफील्डला नोकरी करते. स्वभावाने बरी आहे. ती म्हणाली, "मी त्याला काही सांगणार नाही. पण बाबा, दाराच्या आतल्या बाजूला शेडचा कोड असतो बघा. तो टाकून ऑर्डर केली की बरोबर त्याच रंगाची छोटी बाटली घरी येते."

मला कोड? सरकारी कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये चौतीस वर्षं इन्स्पेक्शन केलं मी. माझ्या खिशात कायम लाल खडू असायचा. शेड जुळली नाही की पॅनेलवर फुली, आणि फुली पडली की पॅनेल परत घासायला. साहेब मध्ये पडो की युनियन, फुली पुसली जायची नाही.

तिला नीट समजावं म्हणून मी चहा पिता पिता एक किस्सा सांगितला. आमच्याकडे एक जुना पेंटर होता, इथलाच, माझ्याहून चांगला आठ-दहा वर्षांनी मोठा. हात असा की कुठे एक ओघळ दिसेल तर शपथ. पण शेवटची दोन वर्षं त्याच्या शेड चुकायला लागल्या. मी फुली मारायचो आणि तो पॅनेलकडे बघत म्हणायचा, "सार, मला तर एकच दिसतंय." एकदा मी सगळ्या शॉपसमोर विचारलं, "डोळे घरी काढून ठेवून येतोस का रे?" शॉप खो खो हसलं. शेवटी मीच वर लिहून दिलं आणि त्याला स्टोअरला पाठवलं, हातमोजे वाटायला. सांगायचा मुद्दा हा, की रंगाच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सून हसली नाही. आजकालच्या मुलांना विनोद कळत नाही.

दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या टाकीचं झाकण स्क्रू काढून पिशवीत टाकलं आणि यशवंतपूरच्या ओळखीच्या गल्लीत रंगाच्या दुकानात गेलो. ट्यूबलाइटखाली शेड बघणारा माणूस गाढव असतो, हे माझं जुनं वाक्य. म्हणून मिक्सिंग करणाऱ्याला झाकण आणि नमुन्याची पट्टी घेऊन बाहेर उन्हात उभा केला. जुन्या गाडीचा पांढरा उन्हाने थोडा पिकलेला असतो, त्यामुळे नव्या पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब लागतो. त्याने थेंब टाकला, पट्टीवर ओढून दाखवला. मला काही फरक दिसेना. म्हटलं, आणखी एक. त्याने टाकला. तरी काही नाही. म्हटलं, अरे हात आखडता का घेतोस, टाक की.

"स्वल्प हळदी आयतु, सार," तो म्हणाला. थोडं पिवळं झालं म्हणे.

मी त्याला माझी चौतीस वर्षं सांगितली. त्याने ती निमूटपणे ऐकली, "सरी" म्हणजे बरं म्हणाला आणि रंग स्प्रेच्या डब्यात भरून दिला. त्याच्या तोंडावरचं हसू मला दिसलं होतं. मी ते आदर समजलो.

मग बेसमेंटमध्ये माझा कारखाना सुरू झाला. आधी पाणी मारून पॉलिशपेपरने घासलं, मग पुट्टी, पुन्हा घासणं, मग प्रायमर. आजूबाजूला टेप लावून वर्तमानपत्रं चिकटवली. बायकोला बॅटरी धरायला उभी केली. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे बॅटरी हळूहळू खाली यायची आणि मी दाराऐवजी चाक बघत बसायचो. "अगं वर धर," म्हणून मी चार वेळा ओरडलो असेन. पाचव्यांदा तिने बॅटरी माझ्या हातात दिली आणि स्वतः भाजीच्या क्रेटवर बसली.

वॉचमनने फोटो काढून असोसिएशनच्या ग्रुपवर टाकला. त्यावर चर्चा झाली. बेसमेंटमध्ये फवारा मारणं नियमात बसतं का, वास मुलांना चालेल का, हे अंकल कुठल्या फ्लॅटचे. दिवसभर परदेशातल्या कंपन्या सांभाळणारी ही माणसं, पण घरातला खिळा ठोकायलाही ॲपवरून माणूस बोलावतात. मी एकालाही उत्तर दिलं नाही. रंगाचे तीन हात मारले, वर लॅकरचे दोन. ओघळ नाही, धुळीचा कण नाही, कडेला पायरी नाही. हात फिरवला तर जोड कुठे आहे ते मलाही सापडेना.

बायको बराच वेळ दाराकडे बघत राहिली. म्हणाली, "अहो, जरा पिवळं नाही का वाटत?"

"तुझे डोळे तपासून घे एकदा," मी म्हणालो.

मी आनंदात दोन जिने चढून गेलो आणि मग दम लागला म्हणून लिफ्ट घेतली.

आयुधपूजेच्या सकाळी मुलाने गाडी वर आणून उन्हात लावली. मी मुद्दाम मागे राहिलो, हार निवडत. बायकोने ताट आणलं. त्यात हळद, कुंकू, फुलं आणि मधोमध गाडीची किल्ली, कारण आमच्याकडे किल्लीचीही पूजा होते. शेजारच्या फ्लॅटमधल्या अक्का त्यांची गाडी ओवाळून आमच्याकडे आल्या, आमचं दार पाहिलं आणि कौतुकाने म्हणाल्या, "अय्यो, तुम्ही केवढी हळद लावलीत हो. अर्धं दार भरलंय." आणि बोट बुडवून त्यावर कुंकवाचे तीन ठिपके देऊन मोकळ्या झाल्या.

मला वाटलं, बाईचं काहीतरी बिघडलंय. मुलगा मात्र वाकून बघत होता. त्याने बोटाने कुंकू पुसलं, मग ‘हळद’ पुसायला गेला. ती निघेना. त्याने नखाने खरवडलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, हा काय कलर आहे?"

"गाडीचा."

"गाडी पांढरी आहे. हे श्रीखंड आहे."

आमच्याभोवती चारजण जमले. ग्रुपवर चर्चा करणारे तेच. एकाने गाडीचं लग्न कधी आहे म्हणून विचारलं. मी दाराजवळ गेलो, चष्मा पुसला, नाक टेकेल इतकं जवळून पाहिलं. दार पांढरं होतं. सगळं एकसारखं पांढरं. ही माणसं ठरवून माझी चेष्टा करताहेत याबद्दल माझ्या मनात काडीची शंका नव्हती.

"मला तर एकच दिसतंय," मी म्हणालो, आणि चांगला आवाज चढवून म्हणालो.

मुलगा ओरडला असता तर बरं झालं असतं. मला भांडण येतं. त्याने आरती होऊ दिली, नारळ फोडला, मग ताटातली कुंकू लागलेली किल्ली उचलून स्वतःच्या खिशात टाकली. "आधी डोळे दाखवू," एवढंच म्हणाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओरखडा तसाच ठेवला असता तर खांबावर ढकलता आला असता.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला, म्हणाली. "इतके दिवस गाडी चालवत होतात?" हे तिने मला नाही, मुलाला विचारलं. परतताना बायको मागच्या सीटवरून म्हणाली, "जन्मभर दुसऱ्यांच्या डोळ्यांतली कुसळं काढलीत." गुरुवार होता. तिचं भजन बुडालं होतं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. पट्टी निघाली आणि घरात कोणीतरी चुना मारून गेल्यासारखं झालं. माझा पांढरा म्हणून घातलेला सदरा चहा सांडल्यासारखा निघाला. बायकोचे केस किती पांढरे झालेत ते मला तेव्हा कळलं. ते मी तिला सांगितलं नाही, एवढी अक्कल अजून आहे.

चार दिवसांनी कोणाला न सांगता खाली गेलो. गाडी जागेवर होती. हाताने उजवा डोळा झाकून जुन्या डोळ्याने पाहिलं. दार एकसारखं, सुरेख, माझ्या हातचं. मी आजही पास केलं असतं. मग डावा झाकून नव्या डोळ्याने पाहिलं. पांढऱ्या गाडीवर हातभर पिवळा पट्टा, लांबून दिसेल असा. पुन्हा जुना, पुन्हा नवा. पाच-सहा वेळा केलं. वॉचमन लांबून बघत होता, त्याने या वेळी फोटो काढला नाही.

अवजारांच्या डब्यात लाल खडूचा तुकडा अजून आहे. तो मी बरोबर आणला होता, दारावर फुली मारावी म्हणून. स्वतःवर हसायचं तर पुरतं हसावं. खडू टेकवला आणि तेवढ्यात, "मला तर एकच दिसतंय," हे मी उन्हात उभं राहून ज्या आवाजात म्हणालो होतो तो आवाज कानात आला. माझा नव्हता तो. तो हातमोजे वाटणाऱ्या पेंटरचा होता. फरक एवढाच, की तो खाली मान घालून म्हणायचा आणि शेवटी ‘सार’ लावायचा.

खरं बोलत होता तो. त्याला एकच दिसत होतं. दोन वर्षं मी त्याच्या पॅनेलवर फुल्या मारल्या, पण ज्या माणसाचा हात चुकत नाही त्याची शेड का चुकते, हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. कारखान्याचा दवाखाना पेंट शॉपच्या समोर होता. रस्ता ओलांडला की झालं. वर लिहिलेल्या कागदात मी ‘निष्काळजी’ असा शब्द वापरला होता आणि तो मला फार आवडला होता.

दुसराही डोळा झाला. डॉक्टरीणबाईने परवानगी दिल्यावर मुलाने किल्ली आणून माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाला, "बाबा, गॅरेजमध्ये देऊन दार नीट करून घेऊ." मी नको म्हणालो. त्याला वाटलं, पडलो तरी नाक वर. वाटू दे. दर गुरुवारी आम्ही कॉलनीत जातो, आणि ते पिवळं दार घेऊन जातो. कॉलनीतले चारजण, सगळे आमच्याच कारखान्यातले, हसतात. त्यांच्यातल्या एकाला त्या पेंटरचं घर माहीत असेल. तो आहे की गेला, तेही माहीत असेल. मी अजून विचारलेलं नाही.

माझे डोळे गेले तेव्हा माझ्याजवळ मुलगा होता. त्या पेंटरचे गेले तेव्हा मी होतो.