डॉक्टर खांबेट्यांनी मोजलेली चौदा मिनिटं

ॲन आर्बरमध्ये आमच्या शेजारी डॉक्टर चारुदत्त खांबेटे राहायचे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. वय पंचाहत्तरच्या पुढे. कातडीचे डॉक्टर म्हणून तीस वर्षं प्रॅक्टिस करून रिटायर झालेले. अमेरिकेत येण्याआधी ते काही वर्षं इंग्लंडमध्ये होते, एवढंच मला माहीत होतं. तिथल्या गोष्टी ते काढत नसत.

२००६च्या शेवटच्या रविवारी माझ्या मित्राकडे, देवदत्तकडे, आम्ही सगळे जेवायला जमलो होतो. आदल्याच दिवशी इराकमधल्या फाशीची बातमी आली होती आणि टीव्हीवर तेच चालू होतं. वरणभात कालवता कालवता देवदत्त म्हणाला, "एका सेकंदात खलास, यार. कळतसुद्धा नसेल."

"कळत नाही, हे खरं," काका म्हणाले. "पण खलास होत नाही."

शुभाकाकूंनी नवऱ्याकडे वळून पाहिलं. काकांनी ताट बाजूला सारलं आणि बोलायला लागले.

१९५८ साल. उत्तर इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात ते ज्युनियर डॉक्टर होते. गावच्या तुरुंगातल्या डॉक्टरांचा असिस्टंट आजारी पडला, म्हणून महिनाभरासाठी यांना तिकडे पाठवलं. तिथे फाशीची शिक्षा झालेला रेमंड नावाचा सव्वीस वर्षांचा कैदी होता. चोरी करताना त्याने एका दुकानदाराला ठार मारलं होतं. त्याच्या कोठडीत दिवसरात्र दोन पहारेकरी बसत आणि त्याच्याशी डॉमिनो खेळत. चांगलं खायला मिळत असल्यामुळे तीन आठवड्यांत तो जाड झाला होता.

"आदल्या दिवशी मी त्याचं वजन केलं," काका म्हणाले. "कपड्यांसकट एकशे बेचाळीस पौंड. तो हसून म्हणाला, डॉक्टर, डाएट करायला हवं. फाशी देणारा माणूस तेव्हा दाराच्या भोकातून त्याची मान बघत होता. मी सांगितलेल्या आकड्यावरून त्याने दोर किती सोडायचा ते ठरवलं. सात फूट. मग तेवढ्याच वजनाची वाळूची गोणी रात्रभर दोराला टांगून ठेवली, दोर आधीच ताणून घ्यायला."

"अहो, पुरे," काकू हळूच म्हणाल्या. पण काका थांबले नाहीत.

"कोठडीत भिंतीला लागून एक कपाट होतं. रेमंड तीन आठवडे त्यात कपडे ठेवत होता. सकाळी नऊच्या ठोक्याला तो माणूस आत आला, त्याचे हात मागे बांधले, आणि पहारेकऱ्यांनी कपाट सरकवलं. मागे दार. दाराच्या पलीकडे फाशीची खोली. तीन आठवडे तो तिच्यापासून चार पावलांवर झोपत होता. डोक्यावर पांढरी पिशवी, गळ्यात फास, पायांना पट्टा, खटका. बारा सेकंदं लागली असतील."

तुरुंगाचे मोठे डॉक्टर खाली वाकून बघून गेले आणि यांना म्हणाले, तू थांब. खालच्या खोलीत काका एकटे उरले. वरच्या उघड्या झडपेतून खडूची पूड पडत होती, कारण पाय कुठे ठेवायचे ती खूण खडूने केलेली असे. शिडीवर चढून त्यांनी शर्टाची बटणं काढली आणि स्टेथोस्कोप लावला.

"चालू होतं. मान मोडलेली, माणूस गेलेला, आणि हृदय आपलं चालूच. मी घड्याळ धरलं. चौदा मिनिटं. शेवटी शेवटी दोन ठोक्यांत इतकं अंतर पडायचं की मी स्टेथोस्कोप काढणार, तेवढ्यात पुन्हा एक."

त्याच दिवशी मृत्यूच्या चौकशीत शपथ घेऊन त्यांनी सांगितलं की मृत्यू तत्काळ झाला. तसं सांगायची पद्धतच होती. तुरुंगाच्या फाटकापाशी रेमंडची आई उभी होती, तिलाही तेच सांगितलं. पुढच्या वर्षी ते अमेरिकेला आले आणि त्यांनी कातडीचं शिक्षण घेतलं. छातीला कान लावावा लागू नये, म्हणून.

जानेवारीत मी त्यांना तपासणीला घेऊन गेलो. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर ते उतरेचनात. बाहेर बर्फ होतं, आत कसलाच आवाज नव्हता.

"काका, काय झालं?"

"तुझं जोरात चाललंय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ब्याण्णवच्या आसपास. घाबरलास का?"

मी मनगट धरून मोजलं. एक्क्याण्णव. पुढे कितीतरी दिवस त्यांच्या शेजारी बसताना मी नकळत श्वास रोखून धरायचो.

शुभाकाकूंनी मात्र त्या रविवारनंतर कुणाशी काही चर्चा केली नाही. ऑक्टोबरात सर्वपित्री अमावास्येला त्यांनी काकांना तर्पणाला बसवलं. काका धार्मिक नव्हते, तरी बसले. आईवडिलांची नावं झाल्यावर काकू म्हणाल्या, "आता त्याचं घ्या."

"अगं, तो ख्रिश्चन. त्याचं गोत्र काय सांगू?"

"गोत्र माहीत नसलं की काश्यप म्हणतात. घ्या."

"काश्यप गोत्र, रेमंड," काका म्हणाले. त्यांच्या ओंजळीतून तिळाचं पाणी सांडलं आणि ते रडायला लागले.

त्यानंतर काकांना ऐकू येणारे ते ठोके थांबले का, असं मी काकूंना एकदा विचारलं. त्या नाही म्हणाल्या. तेव्हाच कळलं की लग्न झाल्यापासून रोज सकाळी नऊ वाजता काका ते ठोके ऐकू येऊ नयेत म्हणून बाथरूमचं दार लावून नळ सोडून बसत, आणि ही यांची सवय समजून काकूंनी कधी काही विचारलं नव्हतं. आता ते नळ सोडत नाहीत. नऊला दोघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसतात. काका डोळे मिटतात, काकू कोथिंबीर निवडत राहतात. सव्वानऊला काकांनी डोळे उघडले की त्या चहा टाकतात.