पडद्याची झालर

तिच्या प्रेमकादंबऱ्यांतले नायक जगभर भटकत, पण ती स्वतः कधी शहराबाहेर पडली नव्हती. गावोगावची वर्णनं पुरवायचा फिरतीच्या नोकरीवरचा नवरा. कुठला घाट अवघड, कुठलं लॉज कळकट, एवढं तो सांगे आणि उरलेलं ती तिखटमीठ लावून लिही.

परवा दौऱ्यावरून आल्यावर चहा पिताना तो म्हणाला, "लॉजच्या पडद्यांना अबोली रंगाची झालर होती, हातानं विणलेली."

तिच्या कपाळाला आठी पडली. अंगातल्या शर्टाचा रंग न सांगता येणाऱ्या या बाबाला अबोली कधीपासून कळायला लागली? जन्मभर नायिकांची वाक्यं लिहिलेल्या बाईला बाईचं वाक्य ओळखू येणार नाही होय?

"आणि आपले पडदे कुठल्या रंगाचे आहेत हो?" तिनं गोड आवाजात विचारलं.

नवऱ्यानं हळूच खिडकीकडे पाहिलं. पडदे तिनं सकाळीच धुवायला काढले होते.