नानांच्या बागेवर ड्रोन उडाला

आमच्या केळीपट्ट्यात शेत किती म्हणून विचारलं तर कोणी एकरात सांगत नाही. "पाच हजार खोडं" म्हणायचं, म्हणजे केळीची पाच हजार झाडं. आणि हा आकडा लागवडीच्या दिवशीचा हं! पुढं थंडीनं किती खुरटून बसली, वादळानं किती आडवी केली, रोगानं किती उपटावी लागली, ते कोणी वजा करत नाही. मुलाच्या सोयरिकीत हाच आकडा सांगायचा आणि व्यापाऱ्यालाही हाच.

तो व्यापारी म्हणजे मी. शेतकऱ्यांकडून केळी घेऊन निर्यातदाराला कंटेनर भरून देते. लोकांच्या तोंडच्या खोडांवर विसंबून कंटेनर मागवले आणि लागोपाठ दोन अर्धवट गेले. निर्यातदारानं फोनवर सरळ सांगितलं, "ताई, आणखी एकदा माल कमी पडला तर आपला व्यवहार बंद." हाडाची काडं करून उभा केलेला धंदा मी दुसऱ्यांच्या फुशारकीपायी बुडवू? मुळीच नाही. ठरवलं, आता बागा वरून मोजायच्या.

ड्रोनचे आणि उपग्रहाचे नकाशे करून देणारा एक सल्लागार पुण्याहून बोलावला. बाप रे, काय बोलला! पडद्यावर रंगीबेरंगी चित्रं दाखवत राहिला, पण मी केळीचं नेमकं काय करते हे त्यानं एकदाही विचारलं नाही. चहा पाजला आणि वाटेला लावला. मग धुळ्याची एक बाई आली. तिनं लॅपटॉप उघडण्याआधी विचारलं, "ताई, नकाशा हातात आल्यावर तुम्ही त्यावरून काय ठरवणार?"

"कंटेनर किती मागवायचे ते."

"आणि आकडा तुमच्याच माणसांना आवडला नाही तर?"

"ते माझं मी बघेन," मी म्हटलं आणि तिथल्या तिथं काम तिला दिलं.

पहिली बाग नानांची. नाना माझे चुलत सासरे, भाऊबंदांत सगळ्यांत मोठे, गावात दहा हजार खोडांचे धनी. ड्रोन उडायचा म्हणून इस्त्रीचे कपडे घालून बांधावर उभे राहिले, चार माणसं बघायला बोलावली. नकाशा आला तर बागेच्या मधोमध टक्कल! दहा हजारांतला तिसरा हिस्सा जागेवर नव्हताच. त्या बाईनं थोडे पट्टे पायी फिरून मोजले, मी तिच्याबरोबर चिखल तुडवला. मोजणी जुळली.

नाना भडकले. "तुह्या त्या उडत्या चिलटाले केयीतलं काय समजते? माह्या पोराची सोयरीक चालू हाये. दहा हजार म्हंजे दहा हजार! मशीन चुकलं म्हून सांग अन् माह्या शब्दावर गाड्या बोलाव."

मी म्हटलं, "नाना, नकाशा मी कोणाला दाखवणार नाही. सोयऱ्यांना तुम्ही काय सांगायचं ते सांगा. पण गाड्या नकाशाप्रमाणेच येतील."

झालं! सुनेनं सासऱ्याला खोटं पाडलं म्हणून गावभर बोभाटा. भाऊबंदांचा निरोप आला की नानांची माफी माग, नाहीतर आमच्यातला कोणी तुला केळी देणार नाही. घरी नवरा म्हणाला, "एकदा चुकलं म्हटल्यानं काय जातं?"

"काय जातं? माझा धंदा जातो!" मी ओरडलेच. मग रडू आलं, तेही रागाचंच. या माणसांसमोर मी आजवर आवाज चढवला नव्हता. लग्नात, मयतीत, आजारपणात सगळ्यांत आधी माझी गाडी दारात उभी असायची. आणि आता मोठ्यांचा मान राखायचा म्हणून मी डोळ्यांवर पट्टी बांधायची? ज्याला बांधायची त्यानं खुशाल बांधावी.

कापणीच्या दिवशी नानांच्या बागेत गेले. मजूर विळे घेऊन तयार होते, पण नानांचा हुकूम नव्हता. भाऊबंद हाताची घडी घालून उभे. बाहेर रस्त्यावर मी मागवल्या तेवढ्याच गाड्या, त्याही थांबलेल्या. माल निघाला नाही तर संध्याकाळी निर्यातदाराला काय सांगायचं? सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी पदर सावरला, पुढं झाले आणि वाकून नानांच्या पाया पडले. मागून कोणीतरी समाधानानं "हां" म्हटलं.

मी उभी राहिले. "नाना, तुम्ही मोठे आहात म्हणून पाया पडले. माफी मागायला नाही. गाड्या एवढ्याच येतील. पुढच्या वर्षीही बाग मोजूनच घेईन, तुमची आणि या सगळ्यांची. नसेल द्यायची तर नका देऊ."

आशीर्वादासाठी सवयीनं वर झालेला नानांचा हात तसाच राहिला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बराच वेळ बागेकडे. आणि मग मजुरांवरच खेकसले, "पाहून काय राहिले रे? जितकी हायेत तितकी कापा!"