मी तिला थांब म्हणाले

पनवेलच्या आमच्या कॉलेजात पीएच.डी.ला नव्याने आलेल्यांना पहिलं वर्षभर सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. गाइडशी कसं बोलायचं, विषय आटोक्यात कसा ठेवायचा, पुढे नोकरीचं काय, हे मी त्यांना सांगायचे. मी स्वतः पीएच.डी. होऊन नऊ वर्षं तासिका तत्त्वावरच शिकवत होते, हे सांगायचं मात्र टाळायचे.

त्या वर्षी उरणजवळच्या करंज्याची एक मुलगी आली. घर मासेमारीचं, संशोधनाचा विषय सुकी मासळी. हुशार होती, पण गाइडसमोर तोंड उघडायची नाही. सरांनी तिचा आराखडा तिसऱ्यांदा परत केला, तेव्हा ती जिन्यात रडत बसलेली दिसली. मी चार दिवस तिच्याबरोबर बसून तो नव्याने लिहून घेतला. मंजूर झाला. तेव्हापासून ती बारीकसारीक गोष्टही मला विचारू लागली.

दिवाळीनंतर ती वडिलांना घेऊन आली. तळोज्याच्या एका मासळी कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला कायमची नोकरी मिळत होती. आठ दिवसांत कळवायचं होतं.

वडील म्हणाले, "म्याडम, आमाला यातलं काय कलत नाय. तुमी सांगाल तसं करू."

"थांब," मी तिला म्हणाले. "पीएच.डी. अर्धी सोडू नकोस. कॉलेजात लागशील."

"तुमच्यासारखी परमनंट?" तिने हसून विचारलं.

मी फक्त होकारार्थी मान हलवली. तिने नोकरीला नकार कळवला.

उन्हाळ्यात तिला ऑफिसात माझ्या तात्पुरत्या नेमणुकीच्या मुदतवाढीचा कागद दिसला. ती सरळ माझ्याकडे आली. आवाज चढवला नाही.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू सोडून जाशील असं वाटलं."

"गेले असते, मॅडम. पण ते मी ठरवलं असतं ना."

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात जाऊन चौकशी केली. जागा केव्हाच भरली होती. तिला तसं सांगितलं, माफीही मागितली. ती "असू दे" म्हणाली आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेली.

नव्या मुलांना मी आता पहिल्याच दिवशी माझी खरी परिस्थिती सांगते. यंदा त्यातला एक जण आठवड्याभरात सोडून गेला. बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

तिचं तिसरं वर्ष चालू आहे. काम चांगलं चाललंय असं सर म्हणतात. समोर आली की नमस्कार करते, थांबत नाही.